एका वेळी एकच कफील

मी एक जुना पांढरा फळा आहे. सौदी अरेबियातल्या अल खर्जमधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी टांगलेला. मित्रांनो, ज्याच्या अंगावर आयुष्यभर लिहिलं गेलं तो शहाणा असणार, असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. लिहिलेलं कळायच्या आधीच मला पुसतात.

माझा जन्म कुठं झाला ते खोक्यावर छापलं होतं. खोकं विनयरावांनी फेकून दिलं. विनयराव इथल्या एका डेअरीवर गुरांचे डॉक्टर, अलकाताई इस्पितळाच्या लॅबमध्ये. त्यांची लेक कीर्ती पाच वर्षांची असताना, तिला मराठी अक्षरं यावीत म्हणून मला आणलं. तिनं काढलेला 'ळ' जिलबीसारखा होता, तरी कौतुक झालं. तिचं, आणि थोडं माझंही. पुढं ती घरातही इंग्रजीतच उत्तरं देऊ लागली. माझ्या वाट्याला उरलं दूध, खुब्ज म्हणजे इथली रोटी, आणि इकाम्याची, इथं राहायच्या परवान्याची, मुदत संपायची तारीख.

यंदा ऑक्टोबरात माझे दिवस पालटले. कीर्तीला शिकायला अमेरिकेत जायचं होतं. तिनं माझ्यावर तीन रकाने आखले: ईडी, ईए, आरडी.

विनयराव चहा पिता पिता थांबले. "ईडी लोकांच्या घरी येते. आपण होऊन कोण जातं तिच्याकडे?"

कीर्ती हसली नाही. तिनं समजावलं, ईडी म्हणजे अर्ली डिसीजन. एक नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरात निकाल, आणि निवड झाली की तिथंच जायचं. बाकीचे अर्ज मागं घ्यायचे. ईए म्हणजे अर्ली ॲक्शन. अर्जही लवकर, उत्तरही लवकर, पण होकार द्यायला मेपर्यंत मुभा. आरडी नेहमीचा, जानेवारीतला. शिवाय काही कॉलेजांचं ईए असं, की तिथं अर्ज केला तर दुसरीकडे लवकर करायचा नाही. इथं माझ्यावरची शाई फिसकटली. माझं डोकंही.

विनयरावांनी जन्मभर सगळीकडे फॉर्म भरून ठेवले होते. त्यांनी सुचवलं, दोन कॉलेजांना ईडी करून ठेवू, जे आधी हो म्हणेल ते आपलं. मग शाळेच्या समुपदेशक निदामॅडमना फोन झाला. त्यांनी शांतपणे हिंदीतून सांगितलं की ईडी एकच करता येतं, आणि त्या करारावर मुलीची, पालकांची आणि त्यांची स्वतःची सही लागते.

"म्हणजे कफीलच की," अलकाताई म्हणाल्या. इथं ज्याच्या नावावर तुमचा इकामा, तो तुमचा कफील. एका वेळी एकच. त्यांनी ईडीखाली ठसठशीत लिहिलं, 'कफील'.

झालं, सगळी चर्चा त्या एका शब्दाभोवती फिरू लागली. विनयरावांचं म्हणणं, कफील बरा निघाला तर चांगलंच होतं, आपलं झालंच ना; आणि ईडीनं निवडीची शक्यता वाढते म्हणतात. अलकाताईंचं म्हणणं, चार कॉलेजांची शिष्यवृत्ती शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आधीच बांधून कसं घ्यायचं? तीन दिवस मी भरत होतो आणि पुसला जात होतो. कोण बरोबर, मला कळेना.

गुरुवारी संध्याकाळी, कीर्तीनं ठरवलेल्या कॉलेजच्या ईडीचा सहीचा कागद टेबलावर आला. विनयरावांनी पेन उघडलं. तेवढ्यात अलकाताईंनी फडकं घेऊन मला साफ पुसलं आणि एकच ओळ लिहिली: तुला तिथंच जायचंय का?

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. कीर्ती उठून माझ्यासमोर आली, ओळ वाचली. मग म्हणाली, तेही मराठीत, "आई, मला माहीत नाही. सगळे म्हणत होते लवकर ठरव, म्हणून मी ठरवलं."

विनयरावांनी पेनाला टोपण लावलं. "खलास. ईए कर, चालतील तितक्या ठिकाणी. मेपर्यंत खुशाल गोंधळ घाल."

मित्रांनो, ईए आणि आरडीत माझा अजूनही घोटाळा होतो. पण एक विनंती आहे. मुलांसाठी तारखा लिहाल, तेव्हा माझ्यासारख्याचा एक कोपरा मोकळा ठेवा. कीर्तीनं त्या रात्री माझ्या कोपऱ्यात 'माहीत नाही' असं लिहिलं. रोज फडकं फिरतं, पण त्या कोपऱ्याला वळसा घालून.