बाहेरून लावलेली कडी

हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत गोविंदाचं घर इतर लग्नघरांसारखंच होतं. अंगणात मांडव उभा राहत होता, ओसरीवर सगुणा तांदळाचं पीठ चाळत होती आणि नवरदेव हर्षित सगळ्यांच्या पायात पायात येत "माझा चार्जर कोणी घेतला?" म्हणून विचारत होता. वेगळं काही असलंच तर ते एवढंच, की भर मार्चातल्या उन्हात गोविंदा अंगावर शाल घेऊन बसला होता. बघणाऱ्यांना वाटलं, वरबाप आहे, मानाची शाल असेल. मानापुढे आपल्याला ताप दिसत नाही, हे आपलं जुनं दुखणं आहे.

गाव डोंबिवलीच्या पूर्वेला, शिळ रस्त्यापासून थोडं आत. चारी बाजूंनी टॉवर उठले आणि मधे हे गाव राहिलं. गोविंदाच्या आजोबांनी मिठागरात पाट्या वाहिल्या, वडिलांनी भात लावला, गोविंदाने जमीन इमारतींना दिली आणि तीन मजली घर बांधलं. जमीन गेली तशी गावातली हळद मात्र वाढत गेली. या गावात लग्नापेक्षा हळदीला मान. ज्याच्या हळदीला जास्त माणूस जेवलं तो मोठा, आणि ज्याने हात आखडता घेतला त्याची पुढची दहा वर्षं टिंगल. हर्षितचं लग्न आदल्या वर्षी टाळेबंदीत एकदा पुढे गेलं होतं. आता करोनाची दुसरी लाट दाराशी आलेली, सरकारची परवानगी पन्नास माणसांची. गोविंदाने परवानगीचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि बाराशे माणसांना बोलावणं धाडलं.

मांडवाचे विधी सांगायला हिरूआजी आली होती. हिरूआजी गावची धवलारीण. लग्नातला प्रत्येक विधी ज्या गाण्यावर होतो तो धवला, आणि तो गाणारी ती धवलारीण. वय चौऱ्याहत्तर, दात चार, आवाज मात्र वेशीपर्यंत जाणारा. गावातल्या निम्म्या संसारांना तिने पाटावर बसवलेलं. तिने मांडवात पिठाचा चौक भरला आणि गोविंदाला शेजारी बसवून गायला लागली. गोविंदाला खोकल्याची उबळ आली. ती आवरेना.

धवला संपल्यावर म्हातारीने विचारलं, "गोविंदा, खोकतंस कनाला रं? बरा हाय ना?"

"चुलीचा धूर लागला गो, हिरूबाय," गोविंदा म्हणाला. "दुसरा काय नाय."

चूल मागच्या परसात होती आणि वारा उलट्या बाजूला वाहत होता. पण लग्नघरात असल्या गोष्टी कोण बघतो?

एका माणसाने बघितलं होतं. गोविंदाची धाकटी मुलगी कल्पिता माजिवड्याच्या एका लॅबमध्ये काम करायची. वर्षभर ती लोकांच्या नाकाघशातले नमुने घेत होती. बापाचा ताप चार दिवसांचा आहे हे तिला ठाऊक होतं. बुधवारी संध्याकाळी तिने हट्टाने त्याचाही नमुना घेतला. "घे बाय, घे," तो हसत म्हणाला होता, "मिठागरातली हाडं हायेत. काय निघनार हाय?" नोंद करताना तिने स्वतःचा मोबाईल नंबर दिला.

शुक्रवारी, हळदीच्या सकाळी, रिपोर्ट तिच्या मोबाईलवर आला.

ती धावत आतल्या खोलीत गेली. तिथे गोविंदा, सगुणा आणि काळुरामकाका, म्हणजे गोविंदाचा धाकटा भाऊ, पंगतीचा हिशोब लावत बसले होते.

"बाबा, पॉझिटिव्ह आहे. आजची हळद नाही होणार. आणि हिरूआजीला आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. ती काल तुमच्या बाजूला तासभर बसलेली."

बाहेर टेम्पोतून भांडी उतरत होती.

"हलू बोल," गोविंदा म्हणाला.

"हळू काय बाबा? चौऱ्याहत्तर वर्षांची आहे ती! आज पुन्हा तुमच्या मांडीला मांडी लावून बसणार, तोंड उघडं ठेवून दोन तास गाणार. मी रोज बघते काय होतं ते. एवढ्या वयाची माणसं परत नाही येत घरी."

"तीस वरसं मी गावाचे पंगतीन जेवलोय," गोविंदा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी मऊ झाला होता. "कोनाचे घरची हलद सोरली नाय. आता माझे पोराचे वेलेला सांगू, ताप आलाय, घरी जा? दोन तासांची गोष्ट हाय. पोराला हलद लावतो नि वर खोलीन जाऊन पडतो. कोनाला कलनार हाय?"

"मला कळलंय ना. मीच सांगते सगळ्यांना."

ती वळली आणि काळुरामकाका दारात उभा राहिला. तोडगा त्यालाच सुचला. तो ऐकून तुमच्या अंगावर काटा येईल, पण तेव्हा त्या खोलीत तो शहाणपणाचा वाटला.

"वयनी," तो सगुणेला म्हणाला, "पोरीना माल्यावचे खोलीन ठेवा. लोकांना सांगू, लॅबमदी काम करते, सगल्यांचे कालजीपोटी वेगली बसवलीय. लोक नावाजतील."

गोविंदाने मुलीच्या हातातून मोबाईल घेतला आणि खिशात घातला, परवानगीच्या कागदाशेजारी. सगुणा कल्पिताचा दंड धरून जिना चढली. कल्पिताला वाटलं, आई वर गेल्यावर तरी ऐकेल.

"आई, तू तरी."

"एकच दिस, बाय. तुझे भावाचा दिस हाय." सगुणेचे डोळे भरले होते, पण हात कडीवरच होता. तिने दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली.

माळ्यावरच्या त्या खोलीत जुन्या गाद्या, पितळेची घंगाळं आणि एक खिडकी होती. खिडकीला लोखंडी जाळी, आणि खाली बरोबर मांडव. कल्पिताने दार बडवलं, हाका मारल्या. तोवर खाली बेंजोवाल्यांचं वाजवणं सुरू झालं होतं. माणसं येत होती. मास्क होते, पण हनुवटीला टांगलेले. काळुरामकाका प्रत्येकाला तेच सांगत होता आणि खालून वर वाहवा ऐकू येत होती. "बरा केलंव. जबाबदार मानसा हायेत." कोणीतरी तिला हात वर करून आशीर्वादही दिला. तिने जाळीतून ओरडून सांगितलं, "बाबांना आहे! मला नाही!" तो माणूस कानावर हात ठेवून हसला, त्याला बेंजोपुढे ऐकू आलं नव्हतं.

वर्षभरात त्या मुलीने किती जणांच्या दारांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या होत्या, किती सोसायट्यांनी आजारी माणसांना वाळीत टाकलेलं पाहिलं होतं. पण धडधाकट माणसाला कोंडून आजाऱ्याला मांडवात मिरवलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते तिच्या स्वतःच्या घरात. दुपारी सगुणेने दार बोटभर उघडून ताट आत सरकवलं. कल्पिताने दारात हात घातला. "आई, हिरूआजी मरेल." सगुणेने तो हात हळूच आत लोटला आणि पुन्हा कडी लावली. मग ती तिथेच पायरीवर बसून राहिली, हे आतल्या मुलीला कळलं नाही.

चारच्या सुमाराला बेंजो थांबला. हर्षित पाटावर बसला. एका बाजूला गोविंदा, दुसऱ्या बाजूला नवी हिरवी साडी नेसलेली हिरूआजी. गोविंदाच्या खिशातला कल्पिताचा मोबाईल वाजला. त्याने नंबर बघितला, महापालिकेचा असावा, आणि मोबाईल बंद केला. वरून कल्पिताला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. हिरूआजीने डोळे मिटले आणि आवाज लावला.

"हलदीचे पाटाव बसला नवरदेव, गो बाय, बसला नवरदेव..."

या गावाची एक रीत आहे. धवला लागला की मधे कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. तोडलेला धवला घराला लागतो म्हणतात. बेंजोवालेसुद्धा तेव्हा हात बांधून बसतात. बाराशे माणसांच्या अंगणात तेवढी दहा मिनिटं म्हातारीचा श्वास ऐकू येतो. कल्पिता लहानपणी हिरूआजीच्या मांडीला टेकून प्रत्येक हळदीला बसलेली. हिरूआजीने एक ओळ म्हटली की मागची ओळ तिने उचलायची, हा त्यांचा जुना खेळ होता. हिरूआजी श्वास घ्यायला थांबली, तेव्हा जाळीला तोंड लावून कल्पिताने त्याच चालीवर ओळ उचलली.

"बापाचे अंगान चार दिसांचा ताप, गो हिरूबाय, चार दिसांचा ताप..."

खालची डोकी वर वळली. काळुराम उठायला गेला, शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला हात धरून खाली बसवलं. धवला चालू होता.

"माझे मोबाईलान आलाय रिपोट, मोबाईल बापाचे खिशान, गो हिरूबाय, बापाचे खिशान...
मी नाय आजारी, मना कोंडलंय माल्याव, गो हिरूबाय, कोंडलंय माल्याव...
उठ गो हिरूबाय, पाटापासशी उठ..."

तिचा आवाज फाटला. ती रडत होती, पण चाल सोडत नव्हती.

हिरूआजी उठली नाही. तिने डोळे उघडून एकदा वर बघितलं आणि शेवटची ओळ, नवरदेवाला सुखी ठेव म्हणणारी, तिने स्वतः म्हटली. धवला पुरा केला. मग हात टेकून उभी राहिली आणि गोविंदाकडे वळली.

"गोविंदा. पोर बोलते ता खरा हाय?"

गोविंदाने मान खाली घातली. धवलारणीसमोर दुसऱ्यांदा खोटं बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

अंगण रिकामं व्हायला पाव तास पुरला. चपलांचे जोड मागे राहिले. कढयांमधलं जेवण तसंच राहिलं. जाताना लोक बोलत होते, पण ते गोविंदाच्या तापाबद्दल नव्हतं. "पोरीनी भावाची हलद मोरली," मुलीने हळद मोडली, असं ते बोलत होते. वर माळ्यावर कडी निघाली. सगुणा दारात उभी होती, पण तिच्याच्याने मुलीच्या डोळ्यांत बघवेना.

हर्षितचं लग्न महिन्याने नऊ माणसांत लागलं. गोविंदा पंधरा दिवस दवाखान्यात राहून बरा झाला. हिरूआजीला हळदीनंतर तिसऱ्या दिवशी ताप चढला. कल्पिताने स्वतः तिला खाटेवरून उचलून दवाखान्यात नेलं. बाराव्या दिवशी ती गेली. तिला शेवटचं न्यायला चार माणसं होती, तीही पालिकेची, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. जिने साऱ्या गावाची लग्नं गायली, तिच्यासाठी एक ओळ कोणी गायली नाही.

आणि गावाने काय म्हणावं? "हलद मोरली, अपशकून झाला, म्हातारीना लागला." वाचकहो, हसू नका. आपणही आपापल्या परीने हेच करतो. ताप लपवणारा आपल्याला घरचा वाटतो आणि ताप सांगणारा वैरी. कल्पिता नळावर गेली की बायका घागरी उचलून चालू लागायच्या. घरात बाप तिच्याशी बोलत नव्हता. ती सकाळी स्कूटर काढून माजिवड्याला जायची, संध्याकाळी यायची आणि खालच्याच खोलीत निजायची. माळ्यावर ती पुन्हा चढली नाही. एकदा सगुणा स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेली आणि तिने त्या दाराची बाहेरची कडी स्क्रूसकट काढून आणली. कडी तिने भंगारवाल्याला देऊन टाकली.

पुढच्या जानेवारीत तिसरी लाट आली. घरोघर सर्दी-खोकला, आणि घरोघर लोक म्हणत होते की हवा बदललीय. काळुरामच्या मुलीची हळद ठरली होती. गावात धवला येणारं आता कोणी उरलं नव्हतं. एका रविवारी काळुराम ओसरीवर येऊन बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कल्पिता, तुना येतो धवला. झाला गेला सोर. बहिनीची हलद हाय. येशील ना?"

कल्पिताने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "येईन काका. पण आधी एक सांग. घरात कोणाला ताप आहे?"

काळुरामचं तोंड लाल झालं. "हा काय प्रश्न झाला? लग्नघरान असा इचारतात? मी तुना मान द्यायला आलोय, नि तू..."

"ताप आहे का कोणाला, काका?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. त्याची नजर गल्लीपलीकडच्या त्याच्या घराकडे गेली, जिथे त्याची नि गोविंदाची म्हातारी आई राहायची, आणि परत आली.

आतून खाट कुरकुरली. दहा महिने ज्याने मुलीशी एक शब्द काढला नव्हता तो गोविंदा चौकटीला धरून दारात आला. आजारपणानंतर त्याला दोन वाक्यं सलग बोलली की धाप लागायची.

"सांग तिना, काळुराम."

"दादा, तू मदी परू नको."

"हिरूबायनी मनापन इचारला व्हता." गोविंदा श्वासासाठी थांबला. "हलदीचे आदले दिशी, याच अंगनान. खोकतंस कनाला, बोलली. मी बोललो, चुलीचा धूर लागला." तो खाली चौकटीवरच बसला. "हलद पोरीनी नाय मोरली. हिरूबायना मी मारली. आता गावान जाऊन सांग, गोविंदा बोलला म्हनून."

सगुणा पदर तोंडाला लावून उभी होती. कल्पिता बापाकडे बघत होती. तिने उठून त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग ती काकाकडे वळली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

काळुरामने टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"आईसना," तो अखेर म्हणाला. "तीन दिस झाले."

कल्पिता आत गेली, नमुना घ्यायची पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या पुढे होऊन गल्ली ओलांडू लागली.