न धुतलेले हात
लाम्पोन दिवसभर ट्रॉयहून परतलेल्या जहाजाच्या फटींत डांबर भरत होता.

"दहा वर्षं एका भिंतीशी डोकं आपटलं यांनी," तो लेकीला म्हणाला, "आणि जहाज मात्र उद्या हवं."

"हळू बोला बाबा. जहाजाचा धनी थ्रासिलास पलीकडेच उभा आहे."

"ऐकू दे की. डांबर काय त्याच्या तलवारीला भिऊन वाळणार?"

मिर्तो हसली. दोघांनी जहाजाच्या सावलीत बसून जवाची भाकरी आणि ऑलिव्ह खाल्ले.

सकाळी थ्रासिलासने पुन्हा विचारलं, जहाज कधी होणार. लाम्पोन म्हणाला, आणखी तीन दिवस. थ्रासिलासने त्याला तिथंच कापलं आणि तलवार मेलेल्याच्याच केसांना पुसली, म्हणजे पाप आपल्याला चिकटायला नको. मिर्तो जहाजामागे होती. बंदरावरच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं तेव्हा तिने भीतीनं नकारार्थी मान हलवली. काही पाहिलं नाही म्हणाली.

मग ती डोंगरापलीकडे आत्याकडे राहायला गेली. आत्या निकिप्पे खुन्याच्या हातांवर डुकराच्या पिल्लाचं रक्त सोडून खुनाचा विटाळ धुवायची. वर्षभरानं एक माणूस न बोलता आत आला, चुलीच्या राखेत बसला आणि तलवार जमिनीत रोवली. अशा माणसाला हात धुऊन होईतो नाव विचारायचं नाही, हा नेम.

"पिल्लू आण गं डुकराचं," आत्या सुरी घेत म्हणाली. "बघ की, कसा वाळलाय. खलाशीसुद्धा पंगतीला घेत नसतील याला. धुतला की जाईल बिचारा आपल्या बायकोपोरांत."

मिर्तोने पिल्लू त्याच्या हातांवर धरलं. त्याने मान वर केली. थ्रासिलास. त्याने तिला ओळखलं नाही.

आत्याच्या हातातली सुरी हिसकावता आली असती. पण चुलीशी शरण आलेल्याला मारलं तर विटाळ तिचाच झाला असता, आणि हा मरून सुटला असता. मयताच्या घरानं एकदा नाकारलं की दुसरी कुठलीही चूल त्याला जवळ करणार नव्हती. स्वतःच्या घरचीसुद्धा.

तिने पिल्लू सोडून दिलं. ते ओरडत अंगणात पळालं.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" आत्या म्हणाली.

मिर्तो आत्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

"आत्या, सुरी ठेव. याच्या हातांवर तुझ्या भावाचं रक्त आहे. मी खोटं बोलले होते. मी जहाजामागे होते, मी सगळं पाहिलं. माझ्या बाबांना ह्याच थ्रासिलासनं मारलं."