रडलं, थांबा

आरोग्य केंद्रातली सविता नर्स नवजात बाळांच्या ट्रेनिंगला नाशकाला निघाली, तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, तेवढाच जिवाला बदल. कसला बदल अन् कसलं काय! दिवाळीत तिचं स्वतःचं बाळ न रडताच गेलं होतं. आमच्या सुरगाण्याच्या डोंगरात बाळ रडेना की त्याच्या कानाशी ताट वाजवायचं, ही रीत. सासू तानुबाई नावाजलेली सुईण. नातवासाठी बडवून बडवून तिने पितळी ताटाला पोचा पाडला होता. तेव्हापासून सविता जेवायची, ड्युटी करायची, पण आतून पार लाकूड.

ट्रेनिंगला टेबलावर रबरी बाहुली होती. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई भारी कडक. "आधी पुसा, ऊब द्या, नाकतोंड साफ करा. तरी नाही रडलं, तर तोंडावर मास्क धरा आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबा. छाती वर आली पाहिजे!" बाहुली काही रडायची नाही, म्हणून शेवटी बाईच ओरडायच्या, "रडलं! थांबा." सविताचा हात सगळ्यांत चांगला बसला. बाईंनी शाबासकी दिली. हिला ना सुख ना दुःख. फुगा तर दाबायचा होता, दिवाळीत हे कुणाला ठाऊक असतं तर? विचार आला तसा गेला. डोळ्यांत टिपूस नाही.

परतल्यावर लगेचच आरोग्य केंद्रात भागीबाई बाळंत झाली. पोर आलं ते निळं, गप्प. तानुबाई तेच ताट घेऊन सोबत आली होती, लागली बडवायला. सविताचे हात मात्र शिकलेले होते. पुसलं, गुंडाळलं, नाकतोंड साफ केलं, मास्क धरला, फुगा दाबला. छाती वर आली. पुन्हा दाबला, पुन्हा.

मग ताट थांबलं. सविता मात्र दाबतच राहिली. पोर हातपाय झाडत होतं, मास्कखाली टाहो फोडत होतं. हिला काही ऐकूच येईना. थांबा असं अजून कुणी म्हणालं नव्हतं ना!

तानुबाईने ताट खाली ठेवलं आणि सुनेचं मनगट धरलं. "रडलं गं पोरी, रडलं. थांब आता."

सविताने मास्क काढला, पोर आईच्या उराशी दिलं. मग जमिनीवर बसली, ते पोचा पडलेलं ताट मांडीवर घेतलं आणि तिने हंबरडा फोडला. दिवाळीपासून पहिल्यांदाच.

तानुबाई शेजारी टेकली. या खेपेला ती थांब म्हणाली नाही.