वरच्या कप्प्यातली सायकल

बेरेंडचा पहिला ठोसा त्या तरुणाच्या जबड्यावर बसला. दुसऱ्याने त्याचं डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं आणि कपाळातून रक्ताची धार लागली. सायकलींच्या दुमजली रॅकच्या वरच्या कप्प्यात अर्धवट चढवलेली सायकल घसरून दोघांच्या अंगावर आली.

"माझ्या पोरीची सायकल चोरतोस?"

तरुण काही सांगू पाहत होता, पण त्याच्या तोंडात रक्त भरलं होतं. बेरेंडने त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं आणि पोटात गुडघा घातला.

सायकल बेरेंडच्या वारलेल्या बायकोची. मागचं मडगार्ड त्यानेच नावेच्या उरलेल्या निळ्या रंगाने रंगवलेलं. आता ती हिल्के चालवायची, त्याची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी जेवताना बापाने तिच्या थोबाडीत मारली आणि ती घर सोडून गेली. त्यानंतर आज पहिल्यांदा ती भेटायला तयार झाली होती, एकाच अटीवर: राग घरी ठेवून यायचं. उट्रेक्टच्या स्टेशनाखालच्या त्या भल्यामोठ्या सायकलतळात बेरेंड बराच आधी येऊन तिची वाट पाहत होता. आणि तिचीच सायकल कुणा परक्याच्या हातात! त्याचं टाळकंच सरकलं. हात डोक्याच्या आधी चालायची खोड जुनीच होती.

तळावरच्या दोन रखवालदारांनी त्याला मागे ओढलं, तरी जाता जाता त्याने तरुणाच्या बरगडीत एक लाथ घातलीच.

तेवढ्यात हिल्के धावत आली. खाली बसून तिने गळ्यातला रुमाल तरुणाच्या कपाळावर दाबून धरला. खालची रांग भरली होती, वर सायकल चढवणं तिला झेपेना, म्हणून शेजारी सायकल लावणाऱ्या या माणसाने हात दिला, असं तिने रखवालदारांना सांगितलं. तो सायकल चढवतोय तोवर ती जिन्यापर्यंत जाऊन आली होती. कुणाला बघायला, ते मात्र तिने सांगितलं नाही.



"हे म्हणतात सायकल त्यांच्या मुलीची," थोरला रखवालदार तिला म्हणाला. "ओळखता का तुम्ही यांना?"

हिल्केने बापाच्या रक्ताळलेल्या मुठींकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे.

"नाही. सायकल माझी आहे."

रखवालदार बेरेंडकडे वळला.

"काय हो, ही तुमची मुलगी आहे का?"

बेरेंडने मुठी सोडल्या. हिल्के मान खाली घालून रुमालाची घडी बदलत होती.

"नाही," तो म्हणाला. "सायकल तशीच दिसली. माझी चूक झाली."