नितळ न होणारं पाणी

रंगाऱ्यांच्या गल्लीत त्या सकाळी कढया थंड होत्या, कारण सगळी गल्ली यंत्रबुवाच्या खोलीत कोंबली होती. मध्ये खुर्चीवर ताई, तिचे सुजलेले पाय टबातल्या खारट पाण्यात. बुवानं टबाला जोडलेल्या यंत्राचं बटण दाबलं आणि पाणी बघता बघता पिवळं, मग तांबूस, मग चक्क चिखलासारखं झालं.

"निघालं बघा घराण्याचं विष. गोळ्यांनी दबतं, माझ्या यंत्रानं सुटतं."

गल्लीनं माना डोलावल्या. कापडातला जादा रंग पाण्यात सुटतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मग अंगातलं विष का सुटू नये? आजी, मावशी, आता ताई. एकाच दुखण्यानं तिघींचे सांधे धरले. आईनं ताईच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि तिच्या हातात आता पेलाही राहत नव्हता.

ताईच्या धाकट्या बहिणीला मात्र काहीतरी खुपत होतं. "आई, कापडाचं पाणी चार धुण्यांत नितळ होतं. ताईचं महिनाभर तेवढंच गढूळ कसं?"

"जुनं विष आहे गं."

"ताई, पाय काढ बघू."

"पोरी, लुडबुडू नकोस," बुवा म्हणेपर्यंत धाकटीनं नवं पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि कुणाचेही पाय आत नसताना बटण दाबलं. पिवळं. तांबूस. चिखल.

"यंत्र खोलीतलंही विष ओढतं," बुवा घाईनं म्हणाला.

"मग खोलीचेही सांधे दुखत असतील."

कुणीतरी फिसकन हसलं. धाकटीनं वीज बंद करून टबातली लोखंडी पट्टी वर काढली. गंजून खडबडीत झालेली. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड भराभर गंजतं. रंग तो त्याचा.

दुपारी तिघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी ताईची वाकडी झालेली बोटं हातात घेतली. "गोळ्या आजच सुरू करू. पण झालेलं सगळं भरून येईल असं नाही."

"धाकटीलाही होईल का हो?" आईनं विचारलं. "मागे तिच्या रक्ताची तपासणी केलीत ना?"

"तिच्या जनुकांत काही बदल दिसतात. वारशानं धोका वाढतो, एवढं माहीत आहे. पण हे शोधलं ते दुसऱ्याच देशांतल्या लोकांच्या रक्तावरून. तुमच्यासारख्यांचं फारसं कुणी तपासलंच नाही. या बदलांचा अर्थ मला माहीत नाही."

"मग आमचं घ्या की," धाकटी बाही वर सरकवत म्हणाली.

"अभ्यास करणारं कुणी हवं ना, बाळा."

आई पुटपुटली, "बुवा निदान काहीतरी सांगायचा."

ताईच्या बोटांनी गोळीचं पाकीट फुटत नव्हतं. धाकटीनं ते फोडून दिलं.

तुम्हाला कुणी असं विष काढून दाखवलं, तर आधी पाय न घालता टब चालवायला लावा. आणि ज्या बाई "माहीत नाही" म्हणाल्या, त्यांच्या गोळ्या मध्येच सोडू नका.