मधली वीतभर जागा

शशिधर तेल्याच्या घरात १९९३ साली कॅमेरा आला आणि त्याच्या बायकोनं, रुद्राणीनं, त्याचं नाव ‘धाकटी’ ठेवलं. ठेवणारच की! महाद्वार रोडवरचं साडीचं दुकान बंद करून हा माणूस घरी आला की पाय धुवायच्या आधी कपाट उघडायचा. दुबईहून मित्रानं आणलेला तो कॅमेरा मऊ फडक्यानं पुसायचा, ओल लागू नये म्हणून डब्यात औषधाच्या बाटल्यांतल्या पुड्या टाकायचा. सगळे लाड धाकटीचे! इंग्रजी माहितीपुस्तक त्यानं डिक्शनरी घेऊन पाठ केलं होतं. “नुसतं बटण दाबायचं. टीप वाजली की फोटो. बाकी सगळं त्योच करतोय,” असं तो भेटेल त्याला सांगायचा.

आणि ते खोटं नव्हतं. लेकीची, सौंदर्याची, शाळेतली शर्यत असो नाहीतर शेजारच्या चिमणाबाईंची म्हैस, फोटो कसे लख्ख यायचे. म्हशीच्या पापण्या मोजून घ्याव्यात. बिघडायचे ते फक्त नवराबायकोचे जोडीनं काढलेले. पन्हाळ्यावर एका पावण्याच्या हातात कॅमेरा दिला, तर मागच्या तटाचा दगडन् दगड स्पष्ट आणि ही दोघं धुक्यात असल्यासारखी धूसर. रंकाळ्याच्या तळ्यावर तीच तऱ्हा. घरातल्या पूजेला तर मागच्या कॅलेंडरावरची अमावास्या वाचता येत होती, पण रुद्राणीचं नाक कुठं ते कळत नव्हतं.

“हात हलिवला बघ मुडद्यानं!” शशिधर दर वेळी फोटो काढणाऱ्याच्या नावानं खडे फोडायचा.  रुद्राणी मात्र फोटोंचं पाकीट आलं की आधी तो जोडीचा फोटो शोधायची, आणि बघून पेटीत तळाशी टाकायची.

अशी तेरा वर्षं गेली. २००६ साली त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. सौंदर्या इचलकरंजीला सासरी होती. पोरीनं हौसेनं भेट आणली: स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर आईचा एक आणि बापाचा एक फोटो जोडून केलेली मोठी फ्रेम. आई बघतेय दाराकडं, बाप बघतोय आढ्याकडं. लेकीपुढं रुद्राणी हसली. लेक एसटीत बसून गेली तशी तिनं फ्रेम भिंतीकडं तोंड करून ठेवली.

“असलं जोडफोटो माणसं मेल्यावर करत्यात. आपण अजून जित्ती हाय न्हवं?” तिचे डोळे भरले. “पंचवीस वर्सं संसार केला आणि एका फोटोत धड न्हाय आपण. मला एक फोटो पायजे. एकच!”

शशिधरनं कपाटातला कॅमेरा काढून बघितला. कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता. सगळं गाव डिजिटलच्या मागं लागलेलं. रोल धुणारा दुकानदारही महिनाअखेरीला ते काम बंद करणार होता. “आणि ह्योबी बिघडला म्हणजे?” तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्राणीनं पेटीतले सगळे बिघडलेले फोटो जमिनीवर मांडले आणि तांदूळ निवडावेत तशी एकेक बघत बसली. आणि एकदम ओरडली, “अहो, हिकडं या! हे बघा!”

प्रत्येक फोटोत दोघांच्या मधे वीतभर फट होती. फटीत कधी तट, कधी तळ्याचा कठडा, कधी कॅलेंडर. आणि फट फोटोच्या बरोब्बर मधोमध.

“ह्यो कॅमेरा मधीच बघतोय. मधी आपण न्हाईच! मग भिंतच बघंल की बिचारा.”

शशिधरनं कपाळावर हात मारला. पुस्तकात हे चित्रासकट छापलेलं होतं: दोन माणसं, मधे मोकळी जागा, वर फुली. दुसऱ्यांचे फोटो काढताना तो आठवणीनं एकाच्या तोंडावर नेम धरायचा. पण त्या फुलीखालची दोघं म्हणजे आपणच, हे त्याच्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

फट का होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. नव्या लग्नात सासूबाईंनी एकदाच सुनावलं होतं, “चारचौघांत नवऱ्याला चिकटून हुबं ऱ्हायचं नसतंय.” त्या जाऊन नऊ वर्षं झाली होती. फट मात्र कुणी बुजवली नव्हती.

रुद्राणीनं चिमणाबाईंना हाक मारली. सत्तरीची बाई, सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण. कॅमेरा तिनं आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. दोघं अंगणात उभी राहिली. शशिधर दोन बोटं सरकला. रुद्राणी एक बोट सरकली. पंचवीस वर्षांचा संसार, आणि कान लाल झाले बघा दोघांचे!

चिमणाबाईंनी कॅमेरा खाली घेतला. “अगं भिडा की! लाजताय काय? तुझ्या सासूला मी सांगाय जात न्हाय.”

रुद्राणी खुदकन हसली आणि तिनं नवऱ्याचा दंड धरून त्याला जवळ ओढलं. खांद्याला खांदा लागला. टीप वाजली. रोल संपला तसा कॅमेरा घर्रर्र करत आपोआप तो गुंडाळायला लागला. आवाज थांबला, तरी शशिधर जागचा हलला नाही.

चार दिवसांनी फोटो आला. मागची भिंत पार धूसर. पुढं ही दोघं लख्ख: तिचे पिकलेले केस, त्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, शर्टाचं तुटकं बटण, सगळं.

“म्हातारी झालो की गं आपण,” शशिधर म्हणाला.

“झालो तर झालो,” रुद्राणी म्हणाली, “एका जागी झालो की.”

आणि तिनं तो फोटो भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोला अगदी चिकटून लावला.