डॉक्टर क्रोलची आकाशातली आग

खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. नदीकाठचं अख्खं गाव मुलांना कडेवर घेऊन बर्फातून आलं होतं. गळ्याच्या रोगाने त्या हिवाळ्यात कनेक्टिकट वसाहतीतल्या कितीतरी घरांचे पाळणे रिकामे केले होते, आणि डॉक्टर क्रोल तो रोग एका ठिणगीत पळवतो, अशी बातमी होती.

"आकाशातली वीज कोंडून आणलीय मी!" टेबलावरचा काचेचा गोल एका हाताने घासत गरगर फिरवत आणि शेजारच्या पितळी गोळ्याकडे बोट दाखवत क्रोल गरजला. "लंडनच्या वैद्यांनी हात टेकले, ते हा पितळी गोळा करतो. ओठ लावा, रोग गेलाच! नाही गेला, तर तुमच्या श्रद्धेत खोट."

एकेक मूल गोळ्याला ओठ लावी. चट्‌! निळी ठिणगी उडे, मूल किंचाळे, आया डोळे पुसत. आजाऱ्यामागून धडधाकट, त्याच्यामागून पुन्हा आजारी. गोळा कुणीच पुसत नव्हतं.

जेरूशा टटल दाराशी उभी राहून हे बघत होती. ही विधवा बाई आपल्या स्वयंपाकघरात गावातल्या लहानग्यांना अक्षरं शिकवायची. रांगेत तिची निम्मी शाळा होती. तिला राहवेना. तिने घरून काचेची नळी आणली. नवऱ्याने बॉस्टनहून आणलेल्या या नळीने ती मुलांना गंमत दाखवत असे.

"डॉक्टर, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. तिने नळी लोकरीच्या फडक्याने खसाखसा घासली आणि टेबलावर सांडलेल्या कोंड्यावर धरली. कोंडा टुणटुण नाचू लागला. नळीजवळ बोट नेलं, तर चट्‌! मग तिने टेबलावरचं कापड ओढलं. टेबलाखाली कथलाचा पत्रा चढवलेली काचेची बरणी होती, आणि तिच्यातून एक साखळी वर गोळ्याला गेली होती.

"हीच ती आकाशातली आग! काच घासली की ही ठिणगी निघते, बरणीत साठते, साखळीतून वर येते. कोरड्या थंडीत लोकरीचा सदरा काढताना चटचटतं ना, तेच हे. याने घसा बरा होत नाही. उलट एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात जातंय!"

क्रोलचा चेहरा उतरला. जेरूशाला वाटलं, आपण जिंकलो.

तेवढ्यात डिझायर हॅल्सी पुढे आली. तिच्या शालीत चार वर्षांची टॅमझन घरघरत होती. जेरूशाच्या शाळेत ही पोर नुकतीच 'ए'पासून 'एम'पर्यंत पोचली होती.

"म्हणजे बाई, ती आग तुमच्याकडेही आहे?"

"अगं, नाही गं डिझायर! मी तेच तर सांगतेय..."

"मग इतके दिवस लपवलीत कशाला? द्या ना हिला!"

"आमच्याही पोराला द्या, बाई!" गर्दी क्रोलला सोडून तिच्याभोवती जमली. क्रोलने संधी साधली. "बाईंना शक्ती आहे हो, पण वरचा हुकूम नाही!" असं म्हणत त्याने सामान आवरलं, आणि दुपारी त्याची बर्फावरची घसरगाडी पुढच्या गावाच्या वाटेला लागली.

डिझायर जेरूशाच्या घरापर्यंत मागोमाग आली. "एकदाच घासा. खोटं तर खोटं."

जेरूशाच्या हातात नळी होती. घासली असती, तर त्या आईला घटकाभर धीर आला असता. "नाही घासणार," ती म्हणाली. "हिला श्वास पुरत नाही. त्यात झटका कशाला?"

"मग तुमच्याकडे काय आहे?"

"काही नाही गं," जेरूशा म्हणाली, आणि कोमट पाणी चमच्याने पाजत बसली. पाणी नाकावाटे परत येत होतं. दुसऱ्या दिवशी टॅमझन गेली.

दफन झाल्यावर जेरूशा सगळ्यांसमोर उभी राहिली. "औषध मला ठाऊक नाही. ठाऊक आहे म्हणणाऱ्याला विचारा, कसं कळलं? किती वाचले, किती गेले? आणि तोवर आजारी मूल वेगळं ठेवा, त्याचा पेला वेगळा ठेवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्या गोळ्यानंतर आपापल्या घरात काय झालं, तेवढं आठवून बघा."

दोन बायकांनी मुलांना उचलून घरची वाट धरली. बाकीचे घसरगाड्यांना घोडे जुंपून, क्रोल कुठे उतरलाय, याची चौकशी करत निघाले.